‘आजारामुळे’ हा शेरा बाद: अप्पांच्या देखभालीच्या नोंदी

८ मार्च २०२५, शनिवार

आजपासून वही. शंभर पानी, फ्रिजशेजारी खिळ्याला अडकवलेली, पेन दोरीने बांधलेला. पेन बांधला नाही तर तो संध्याकाळपर्यंत भाच्याच्या दप्तरात जातो.

नव्याने वाचणाऱ्यासाठी थोडक्यात. अप्पा, माझे वडील, ७८ वर्षांचे. सोलापुरात टॉवेल कारखान्यात जॉबर होते, म्हणजे मागांची (लूमची) देखरेख करणारे. उभा जन्म लूमच्या खडखडाटात गेला, कान तिथेच अर्धे गेले. गेल्या वर्षी निदान झालं: अल्झायमर, जोडीला मेंदूच्या बारीक रक्तवाहिन्यांचं दुखणं, म्हणजे मिश्र डिमेन्शिया (आठवण आणि समज हळूहळू जाण्याचा आजार). बी-१२, थायरॉइड, एमआरआय सगळं करून झालंय. घरात अव्वा (आई, ७१, दोन्ही गुडघे कामातून गेलेले), भाऊ अण्णा, वहिनी, त्यांचा मुलगा म्हणजे माझा भाचा, बारावीला. अप्पांकडे बघायला सकाळी दहा ते संध्याकाळी सहा कामाच्या मावशी येतात. मी दोन गल्ल्या सोडून राहते, संध्याकाळी आणि रविवारी असते.

वही सुरू करायचं कारण साधं आहे. डॉक्टरांनी विचारलं, “रात्री झोपतात का?” अव्वा म्हणाली झोपतात, अण्णा म्हणाला अजिबात नाही. दोघंही खरं बोलत होते, वेगवेगळ्या रात्रींबद्दल.

रकाने पाच: वेळ, काय झालं, त्याच्या आधी काय चाललं होतं, आपण काय केलं, उपयोग झाला का. तिसरा रकाना रिकामा सोडायचा नाही. आणि त्यात ‘आजारामुळे’ असं लिहायचं नाही. मी कारखान्यात डिस्पॅच बघते. माल डागी निघाला आणि कुणी ‘सूतच तसलं’ असं लिहून आणलं, तर ते रजिस्टर साहेब तसंच परत पाठवतात. इथेही तेच. आजार तर आहेच, तो रोज आहे. मग मंगळवारीच का बिघडलं, ते लिहा.

१६ मार्च, रविवार

पहिला आठवडा वाचला. सगळ्यात जास्त भांडणं आंघोळीवरून, सकाळी साडेदहाच्या सुमारास. मावशी आल्या आल्या पाणी काढतात, अप्पा हात झटकतात, एकदा तांब्या भिरकावला. दुसरं लफडं दुपारी साडेतीन-चारला: चपला शोधतात, “घरी जायचंय, उशीर व्हायलाय” म्हणत दारापाशी येरझाऱ्या.

दोन्ही नोंदी शेजारी ठेवल्यावर अव्वाच म्हणाली, “अगं, पहिली पाळी साडेतीनला सुटायची की. घरी येऊन आंघोळ केल्याशिवाय माणूस पाटावर बसायचा नाही. अंगभर कापूस असायचा.” चाळीस वर्षं हा माणूस सकाळी तोंड धुऊन कामावर गेला आणि चारला आंघोळ केली. आपण त्याला सकाळी नागवं करायला निघालो होतो.

सोमवारपासून आंघोळ चारला. साडेतीनला उठून चपला शोधायला लागले की मावशींनी इतकंच म्हणायचं: “पाळी सुटली का? पाणी काढलंय.” मग चहा आणि चुरमुऱ्याचा चिवडा, तोही जुन्या नेमाप्रमाणे.

आंघोळीची रीत ठरवली, सगळ्यांनी हीच पाळायची. पाणी, टॉवेल, बंडी-धोतर आधी आत नेऊन ठेवा. मध्येच त्यांना एकटं सोडून बाहेर यायचं नाही. प्लॅस्टिकच्या खुर्चीखाली रबरी चटई. पाणी कोपराने तपासा. सुरुवात पायांवरून, डोक्यावर पाणी सगळ्यात शेवटी, कारण डोक्यावर ओतलं की ते घाबरतात आणि घाबरले की मारतात. मांडीवर पंचा राहू द्या, लाज शाबूत असते. एक तांब्या त्यांच्याच हातात द्या, दुसरा आपल्या. एका वेळी एकच गोष्ट सांगा. “बंडी काढा, बसा, साबण घ्या” हे एका दमात म्हटलं तर तिन्हींतलं एकही होत नाही. अगदीच नाही म्हणाले तर ओल्या पंचाने अंग पुसून मोकळं व्हा. रोज आंघोळ झालीच पाहिजे असा कायदा नाही.

२३ मार्च, रविवार

चार वाजताची भांडणं थांबली. रोजचं नाही म्हणत, पण तांब्या हातातच राहतो.

आज घर त्यांच्या डोळ्यांनी बघितलं. अण्णा खाली वाकून, मी चष्मा काढून. उंबऱ्याजवळचं काळं पायपुसणं त्यांना खड्डा वाटतं. रोज तिथे येऊन थबकायचे आणि आम्ही म्हणायचो पाय उचलत नाहीत. पायपुसणं काढलं, थबकणं गेलं. बेसिनवरच्या आरशात कुणीतरी म्हातारा घुसलाय अशी तक्रार होती, आरशावर पडदा टाकला. संडासाच्या दाराला गडद निळा रंग दिला, बाकीची दारं भिंतीसारखीच पांढरट राहू दिली. कमोडशेजारी धरायला स्टीलचा दांडा, रात्रभर एक पिवळा बारका दिवा. गॅसचा कॉक रात्री बंद, किल्ल्या अव्वाच्या कमरेला.

जेवणाचं ताट. वहिनीची तक्रार होती की दहीभात तसाच टाकतात. स्टीलच्या ताटात पांढरा भात, वर ट्यूबलाइटचा झगमगाट. त्यांना तो दिसतच नव्हता. लाल रंगाची खोलगट थाळी आणली. त्याच रात्री दहीभात संपला आणि थाळी पुढे केली.

३० मार्च, गुढीपाडवा

पाहुण्यांना आधीच सांगितलं होतं: दोघं-दोघं या, समोर बसून बोला, “मी कोण ओळखा बघू” विचारू नका, आपलं नाव आपणच सांगा. तरी आत्याच्या जावयाने परीक्षा घेतलीच. अप्पा उठून आत निघून गेले. बरं केलं.

११ एप्रिल, शुक्रवार

रात्रींचं कोडं सुटलं. महिनाभराच्या वाईट रात्री कॅलेंडरवर गोल करून मांडल्या तर चार-पाच दिवसांच्या अंतराने पडतात. सोलापूरच्या माणसाला आणखी काही सांगायला नको. पाण्याचा दिवस!

आमच्या गल्लीत नळाला पाणी चार-पाच दिवसांनी, तेही पहाटे दोन-तीनला येतं. येतं म्हणजे काय, शेजारणीची हाक, मोटारीची घरघर, पाइप ओढण्याचे आवाज, बोळात बादल्यांची रांग, घरातले सगळे दिवे लख्ख. अप्पा दचकून उठतात आणि त्यांच्या हिशेबाने दिवस उजाडलेला असतो. अंगात सदरा घालून कामावर जायला तयार. त्यांना परत झोपवायला अण्णा ओरडतो, मग अव्वा अण्णावर ओरडते. दुसऱ्या दिवशी अप्पा दिवसभर पेंगतात, म्हणून त्या रात्री झोप नाही. एका पाण्याच्या दोन रात्री.

यावर औषध मागायला निघालो होतो, झोपेची गोळी. आधी हे करून बघू: पाण्याच्या रात्री त्यांची खाट माडीवरच्या मागच्या खोलीत, सोबतीला भाचा. मोटारीखाली जुनं रबर. समोरच्या खोलीचा दिवा लावायचा नाही, बॅटरीवर काम करायचं. उठलेच तर “आज सुट्टी आहे, गुरुवार” असं सांगायचं. त्यांच्या कारखान्याला गुरुवारची सुट्टी असायची. दुसऱ्या दिवशी जेवणानंतर अर्धा तासच पडू द्यायचं आणि सकाळी अंगणात ऊन्हात बसवायचं.

२७ एप्रिल, रविवार

उन्हाने कहर केलाय, पारा चाळिशीच्या कधीच वर गेला. अप्पा पाणी मागत नाहीत. म्हाताऱ्या शरीराला तहान कमी लागते, त्यात या आजारात तहान लागली तरी सांगता येत नाही. “पाणी पाहिजे का?” विचारलं की उत्तर ‘नको’. तो ‘नको’ खरा नसतो, तेवढंच उत्तर हाताशी असतं. म्हणून विचारायचं नाही, पेला हातात द्यायचा आणि आपणही एक घ्यायचा. आपण पितो ते बघून तेही पितात.

सकाळी लिटरच्या दोन बाटल्या भरून ठेवतो, संध्याकाळी किती उरलं ते लिहितो. ताक, कलिंगड, पातळ आमटी वेगळी. हृदयाचं किंवा मूत्रपिंडाचं दुखणं असेल तर पाण्याचं माप डॉक्टरांना विचारूनच ठरवायला हवं. अप्पांना तशी बंदी नाही, विचारून घेतलंय. शेवटचा मोठा पेला सातच्या आत, नाहीतर रात्री गादी ओली. लघवीचा रंगही लिहायचा. मावशींना आधी हसू आलं, आता त्याच आधी सांगतात.

शौचाचा वेगळा रकाना केला. तीन दिवस कोरडे गेले की चौथ्या दिवशी शिव्या येतात, हे आता दोनदा लागोपाठ दिसलंय. पपई, भिजवलेले मनुके, आणि डॉक्टरांनी दिलेलं पातळ औषध. शिव्यांवर याहून नामी उपाय नाही.

१८ मे, रविवार

वहिनीवर चोरीचा आळ. घड्याळ तिने नेलं म्हणे. ती स्वयंपाकघरात जाऊन रडली, आणि रडणारच. पहाटे पाचला उठून तीच त्यांचं सगळं करते आणि चोर तीच.

घड्याळ उशीच्या अभ्र्यात सापडलं. ते जपून ठेवतात, ठेवल्याचं विसरतात, मग वस्तू गेलेली असते आणि घरात दुसरं माणूस असतं. त्यांच्या बाजूने हिशेब बरोबर आहे. अभ्रा, तांदळाचा डबा, देव्हाऱ्यामागची फट, बुटांच्या आत: चार जागा लिहून फ्रिजवर लावल्या. तसलंच दुसरं घड्याळ शंभर-दीडशेला आणून कपाटात ठेवलं. वाद घालायचा नाही, “मी नाही नेलं” हेही म्हणायचं नाही. “चला, बघू या” म्हणून सोबत शोधायचं आणि शक्यतो त्यांनाच सापडू द्यायचं.

त्यांच्या आईबद्दल विचारतात तेव्हाही तेच. तिला जाऊन पन्नास वर्षं होत आली. दर वेळी ‘ती गेली’ सांगितलं तर दर वेळी नवं सुतक. अव्वा विचारते, “काय करायची ओ तुमची आई?” मग दाण्याची चटणी कुटायची, कडक भाकरी थापायची, हुरड्याला शेतावर न्यायची, असं निघतं. दहा मिनिटांत प्रश्न विरतो. अण्णाला हे खोटं बोलणं वाटतं. मला नाही वाटत. त्यांना उत्तर नकोच असतं, आईबद्दल बोलायचं असतं.

८ जून, रविवार

या महिन्याची चांगली नोंद. कारखान्यातून सेकंडचे नॅपकिन आणले, डागी, सुटलेल्या काठाचे. गठ्ठा अप्पांच्या पुढ्यात ठेवला आणि म्हटलं, “अप्पा, जरा चेक करून द्या की, माल पाठवायचाय.”

त्यांनी पहिला नॅपकिन उचलला, उजेडाकडे धरला, मग अंगठा आणि तर्जनीत काठ धरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरकवत नेला. मध्ये बोट थांबलं. नखाने तिथे दोनदा टोचलं. मी डोळ्याला लावून बघितलं तेव्हा दिसलं, बाण्याचा, म्हणजे आडव्या विणीचा, एक धागा नव्हता. “लूम बंद करायला पाहिजे होतं,” म्हणाले. माझं नाव त्यांना आठवडाभर आठवलेलं नाही.

आता रोज अकरा ते बारा ‘चेकिंग’. चांगले उजवीकडे, खराब डावीकडे, मग घडी. घड्या उलटसुलट होतात, होऊ दे. संध्याकाळी मी गठ्ठा नेते, विस्कटून सकाळी परत. लहान मुलांचे ठोकळे आणि रंगाची पुस्तकं कुणीतरी प्रेमाने आणून दिली होती. ती त्यांनी बाजूला सारली, तेव्हा आम्ही लिहिलं होतं ‘कशातच लक्ष नाही’. ती नोंद खोडून टाकली.

मावशींसाठी भिंतीवर यादी लावली. अप्पांचं मराठी कमी व्हायलंय आणि घरचं कन्नड वर यायलंय. मावशी मराठवाड्याच्या, त्यांना कळत नाही. नीर पाणी, ऊटा जेवण, साकु पुरे, बेडा नको, ब्यानी दुखणं. शेवटचा शब्द सगळ्यात महत्त्वाचा. तो ऐकला की कुठे दुखतंय ते हात लावून लावून शोधायचं आणि मला फोन करायचा.

आणि कान. डॉक्टरांनी मळाचे एवढाले खडे काढले. आता निम्मे प्रश्न दुसऱ्यांदा विचारत नाहीत, कारण पहिलं उत्तर ऐकू येतं.

३ जुलै, गुरुवार

घाईत लिहितेय. मंगळवारी संध्याकाळपासून अप्पा वेगळेच. दिवसा गुंगी, रात्री कोपऱ्यात माणसं दिसतात, हात हवेत काहीतरी वेचतात, धोतर दोनदा ओलं. शेजारी म्हणाले, “आता वाढलं, असंच असतं.” हे असंच नसतं. डिमेन्शिया महिन्या-महिन्यांनी वाढतो. दोन दिवसांत माणूस बदलला तर काहीतरी दुसरं झालेलं असतं: लघवीचा संसर्ग, छातीत कफ, बद्धकोष्ठ, पाणी कमी, रक्तात मीठ कमी, साखर वरखाली, नवी गोळी, डोक्याला मार. डॉक्टर याला डिलिरियम म्हणतात, आणि तो तातडीचा मामला आहे.

वही घेऊनच गेलो. सोमवारी पाणी अर्धा लिटरच, शौच चार दिवस नाही, लघवी थोडी-थोडी आणि वास. डॉक्टरांनी दोन पानं वाचली आणि आधी लघवी तपासायला पाठवली. संसर्ग निघाला. औषध सुरू.

२० जुलै, रविवार

ताप, गुंगी गेली. भास पाच-सहा दिवसांत थांबले, पण चाल अजून सावकाश आहे. पूर्ववत व्हायला काही आठवडे जातील असं डॉक्टर म्हणाले, आणि काही वेळा पूर्ण होतही नाही.

या निमित्ताने सगळ्या गोळ्या एका ताटात ओतून तपासल्या. सर्दीला म्हणून मेडिकलमधून आणलेल्या गोळ्यांत क्लोरफेनिरामिन होतं. असल्या जुन्या ॲलर्जीच्या औषधांनी म्हाताऱ्या माणसाचा गोंधळ वाढतो, लघवी अडते, पोट बसतं. शिवाय मेंदूतल्या ज्या रसायनावर डोनेपेझिल (अप्पांची या आजारावरची रोजची गोळी) काम करतं त्यालाच ती आडवी येतात. म्हणजे एका हाताने द्यायचं, दुसऱ्याने काढायचं. फेकून दिल्या. डोनेपेझिल रात्री घेतल्यावर भलती स्वप्नं पडत होती, डॉक्टरांनी ते सकाळी नाश्त्यानंतर केलं. त्याने नाडी मंदावू शकते, म्हणून महिन्यातून एकदा मोजायची. या गोळीने आजार बरा होत नाही, काहींना काही काळ थोडा आधार मिळतो. हे अव्वाला स्वच्छ सांगितलं, कारण ती दर गुरुवारी फरक शोधते.

अण्णाने पुन्हा ‘शांत करायची गोळी’ काढली. डॉक्टरांनी समजावलं: डिमेन्शियाच्या वृद्धांत अशा मनोविकारावरच्या औषधांनी पक्षाघात आणि मृत्यूचा धोका वाढतो, अमेरिकेच्या औषध नियामकाने २००५ पासून मृत्यूच्या धोक्याचा ठळक इशारा औषधाच्या माहितीपत्रकात छापायला लावलाय. कधी गरज पडतेच, स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करायला लागले तर. तेव्हाही कमीत कमी मात्रा, ठरावीक मुदत, मग पुन्हा तपासणी. पाण्याच्या मोटारीवर ती गोळी नाही.

९ ऑगस्ट, नारळी पौर्णिमा

राखीला घर भरलेलं, फाटक उघडं, आणि पूर्व भागात मार्कंडेय महामुनींचा रथ. ढोल-ताशे, गर्दी सरकतेय, अप्पा गर्दीबरोबर सरकले. कन्ना चौकात एका ओळखीच्या रिक्षावाल्याने बघितलं आणि “चला अप्पा, पाळी सुटली” म्हणून बसवून घरी आणलं. त्याला हे वाक्य माहीत होतं, कारण स्टँडवर सगळ्यांना आम्हीच सांगून ठेवलं होतं. एप्रिलमध्ये अव्वाला ती चव्हाट्यावरची लाज वाटली होती. आज तिनेच त्याला राखी बांधली.

तरी आजपासून आणखी काही. बंडीच्या आत कापडी पट्टी शिवली: नाव, ‘विसरभोळेपणाचा आजार आहे’, दोन फोन नंबर. खिशातलं कार्ड ते काढून टाकतात, शिवलेलं राहतं. फाटकाला घंटी. सकाळी अंगातल्या कपड्यांसकट एक फोटो मोबाइलवर. दिसले नाहीत तर पंधरा मिनिटं घर आणि गल्ली, मग वाट न बघता ११२. चोवीस तासांनंतरच तक्रार घेतात ही समजूत खोटी आहे. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही राष्ट्रीय हेल्पलाइनही भिंतीवर लिहिली. बाहेरून कुलूप लावून जायचं नाही, कितीही घाई असली तरी. आत आग लागली तर ते दार कोण उघडणार?

आणि रोज संध्याकाळी त्यांना चालायला न्यायचं, गल्लीच्या टोकापर्यंत आणि परत. ज्याला रोज बाहेर नेतात तो कमी पळतो. हे काम अण्णाचं. “मी थकून येतो” चालणार नाही, अव्वाही थकते.

२१ सप्टेंबर, रविवार

आज जागतिक अल्झायमर दिन. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासाचा अंदाज आहे की भारतात साठीपुढच्या सुमारे ८८ लाख लोकांना डिमेन्शिया आहे. म्हणजे जवळपास तितक्याच अव्वा.

म्हणून आज वही तिच्यासाठी. वजन उतरलंय, बीपीची गोळी तीन दिवस घेतलीच नव्हती, भजनाला गेल्याला कित्येक महिने झाले. विचारलं तर “मला काय धाड भरलीय?” तिला अप्पांसारखंच विचारून उपयोग नाही, हातात द्यायला हवं. ठरलं ते असं: सोमवार आणि गुरुवार रात्री अण्णा अप्पांच्या खोलीत, अव्वा माडीवर दार लावून. शनिवारी दुपार माझी, त्या वेळात ती भजनाला किंवा बहिणीकडे, घरात थांबायचं नाही. वहिनीचा महिन्यातून एक रविवार पूर्ण सुटा, माहेरी जा नाहीतर झोप. गल्लीतली मंडळी अण्णा बापाचं धोतर बदलतो याचं कौतुक करतात; वहिनी वर्षभर बदलतेय, तिच्या नावाने एक टाळी ऐकली नाही.

२ नोव्हेंबर, रविवार

पैशाचं काम. अप्पांची पेन्शन ईपीएस-९५ची, म्हणजे भविष्य निर्वाह निधीवाल्यांची. तिला हयातीचा दाखला नोव्हेंबरातच लागतो असं नाही, वर्षात कधीही द्या, दिल्यापासून एक वर्ष चालतो. बोटांचे ठसे उमटत नाहीत. आयुष्यभर सूत हाताळून रेषा झिजल्यात. यंदा मोबाइलवर चेहरा दाखवून केला. कॅमेरा पापणी मिचकवायला सांगतो आणि अप्पांना सूचना कळत नाही. भाचा फोनच्या वर तोंड आणून स्वतः पापण्या मिचकवत राहिला, अप्पांनी त्याची नक्कल केली आणि दाखला निघाला. काही दाखवायचं असेल तर सांगू नका, करून दाखवा. घास गिळायलाही हेच चालतं.

मुखत्यारपत्राबद्दल वकिलांनी सांगितलेलं इथे लिहून ठेवते, बऱ्याच घरांत यावर भरवसा असतो. साधं मुखत्यारपत्र करून देणाऱ्याची समज गेली की संपतं. १८७२च्या करार कायद्याचं २०१ कलम तसं सांगतं. म्हणून बँकेचं खातं निदानानंतर लगेच, अप्पांना समजत होतं तेव्हाच, अव्वाबरोबर जोडखातं केलं होतं, दोघांपैकी कुणीही चालवेल असं. मृत्युपत्रही तेव्हाच, डॉक्टरांच्या दाखल्यासह. ज्यांच्या घरी निदान नुकतंच झालंय त्यांनी आयुर्वेद की ॲलोपॅथी या वादात पडण्याआधी हे उरकून घ्यावं.

१४ जानेवारी २०२६, बुधवार

गड्डा, म्हणजे सिद्धेश्वरांची यात्रा. अप्पांना अक्षता सोहळ्याच्या गर्दीत न्यायचा प्रश्नच नव्हता. काल सकाळी मार्गावरच्या मामेभावाच्या गॅलरीत खुर्ची टाकली. मिरवणुकीतल्या उंच काठ्या, सातही नंदीध्वज, पांढऱ्या बाराबंदीतली माणसं. दुसरा ध्वज गेला तेव्हा अप्पांनी हात जोडले, चौथ्याला डुलकी लागली. घरी आणलं. मामेभाऊ हळहळला, पण दोन ध्वज पुरेत.

१८ जानेवारी, रविवार

नवी गोष्ट, म्हणून सविस्तर. गेल्या पंधरवड्यात पाणी पिताना खोकला सात वेळा लिहिलाय, जेवताना दोनदा. जेवणानंतर आवाज घशात पाणी असल्यासारखा घोगरा येतो. वहिनीने तिसऱ्या रकान्यात लिहिलंय: ‘आडवे टेकून पीत होते’, ‘टीव्ही चालू होता’, ‘भाकरीला कोरडी चटणी’. डॉक्टरांनी गिळण्याची तपासणी करायला सांगितलंय, कारण घास श्वासनलिकेत गेला तर न्यूमोनिया होतो. मंगळवारची वेळ मिळालीय.

तोपर्यंत असं: जेवताना खुर्चीत ताठ, पाय जमिनीला टेकलेले, हनुवटी किंचित खाली. टीव्ही बंद. चमच्याने छोटा घास, तो गेला हे बघून दुसरा. गालात साठवतात, बोट न घालता “तोंड उघडा” म्हणून स्वतः आ करून दाखवा. कडक भाकरी बंद, मऊ भाकरी आमटीत कुस्करून. शेंगाचटणी कोरडी नको, दह्यात कालवून. चुरमुऱ्याचा चिवडा बंद. चारच्या चहाबरोबर आता केळं. याचं त्यांना वाईट वाटेल, मलाही वाटतंय. जेवणानंतर अर्धा तास आडवं करायचं नाही. दात रोज दोनदा घासून द्यायचे, तोंड घाण राहिलं की छातीचा संसर्ग लवकर होतो. पाणी दाट करायची पूड तपासणी झाल्यावर, सांगितली तरच; तिने पाणी कमी प्यायलं जातं आणि मग जुलै परत.

मंगळवारी पाण्याचाही दिवस आहे. मोटार भाचा बघेल, सकाळी साडेनऊला रिक्षा सांगितलीय, वही पिशवीत घालायची अण्णाने.